बंड्यास, अंबाडीच्या निमित्ताने

धायरी, पुणे
रविवार, रात्री साडेनऊ

बंड्या,

दीड वर्षाने पत्र, आणि तेही अंबाडीबद्दल. शिव्या घाल, पण वाच. फोनच करणार होतो, पण तुझ्याकडे आत्ता दुपारचे बारा. शिवाय तू दुसऱ्याच वाक्याला "मी म्हणालो होतो" म्हणणार, आणि ते आज सोसवणार नाही.

तब्येत ठीक. साखर काठावर, गुडघा आहे तसा, आई खणखणीत.

तर झालं असं. आई परभणीची, तुला माहीतच आहे. मंडईतनं आणलेली जुडी नाकाशी धरते आणि म्हणते, "हिला आंबटपणा कुठाय?" म्हणून पाडव्यानंतर गच्चीवर रंगाच्या सहा रिकाम्या डब्यांत अंबाडी पेरली. माती समोरच्या बांधकामाच्या खड्ड्यातली काळी, त्यात गांडूळखत. एप्रिलभर झकास. मे लागला आणि पिवळी पडायला लागली.

मी काय केलं असेल? बरोबर. नत्र! शेतकीच्या वायव्हाला, तोंडी परीक्षेला, सरांनी चार पानं पुढे धरली होती आणि मी चारीला "नत्र कमी" म्हणालो होतो, आठवतंय? "तुम्ही बँकेत जा," म्हणाले. गेलो. तीस वर्षांनी परत तेच. आधी चिमूटभर युरिया, मग जरा मोकळ्या हाताने. तर खालच्या पानांच्या कडा करपल्या. कडा करपल्या म्हणजे पालाश, म्हणून पोटॅश. मग वाटलं उन्हाने होतंय, म्हणून दोन वेळा पाणी. एका महिन्यात सगळं दुकान त्या डब्यांत रिकामं केलं.

मग एका दुपारी वर जाऊन, एकाच झाडाचं शेंड्याचं पान आणि बुडाचं पान तोडून पेपरवर शेजारी ठेवलं. बुडाचं गडद हिरवं, नुसती कड करपलेली. शेंड्याचं मात्र लिंबाच्या सालीसारखं पिवळं, आणि त्यात शिरा तेवढ्या हिरव्या, बारीक पेनाने काढाव्यात तशा. आणि तुझा तो खवचट आवाज आला: "आधी सांग, म्हातारं पान की कोवळं?" नत्र, पालाश, मॅग्नेशियम कमी पडलं की झाड म्हाताऱ्या पानांतलं काढून पोरांना देतं, म्हणून आधी खाली दिसतं. लोह आणि कॅल्शियम एकदा बसलं की बसलं, तिथून हलत नाही, म्हणून त्याची बोंब शेंड्याला. एवढं साधं! मॅग्नेशियममध्येही शिरा हिरव्याच राहतात, पण खालच्या पानांत. मी महिनाभर पिवळेपणा बघत होतो, तो कुठल्या मजल्यावर आहे हे बघितलंच नाही.

म्हणजे कमी पडत होतं ते लोह. आणि गंमत म्हणजे ते मातीत होतंच. ढेकळावर व्हिनेगर टाकलं तर फसफसलं. चुनखडीच चुनखडी. त्यात मार्चपासून आमच्याकडे टँकर. डब्यांच्या कडांवर पांढरा थर चढलाय, नखाने खरवडला तर निघतो. पीएचची, म्हणजे आम्ल-अल्क मोजायची, पट्टी आठावर गेली, म्हणजे अल्काकडे. म्हणजे शिल्लक आहे, पण खातं गोठवलंय. (बँकेतला माणूस, दुसरी उपमा कुठून आणू?) आणि वर मी पाणी ओतत होतो, चुनखडीची माती सतत ओली राहिली की लोहाचं आणखी वाटोळं.

हिराकस, म्हणजे लोहाचं साधं सल्फेट, घालून बघितलं. मातीत घातलं तर तेही कुलुपात. फवारलं तर फवारा बसला तेवढाच भाग हिरवा. मार्केट यार्डाजवळ दुकानदाराने ईडीटीएवालं चिलेट, म्हणजे लोह धरून ठेवणारं खत, दिलं, "आयर्न म्हणजे आयर्न, साहेब." नाही ना! ते आपल्या असल्या मातीत टिकत नाही. ईडीडीएचए नावाचं दुसरं चिलेट लागतं, तुझं लाडकं. काळपट लाल दाणे, पाण्यात टाकले की कोकम सरबत. ते बुडाशी ओतलं आणि आठवड्याभरात जो नवा शेंडा आला ना, बंड्या, हिरवागार. मी तिथेच डब्यावर बसून राहिलो. कुणाला सांगू? म्हणजे तुलाच सांगायला हवं होतं. ते न करता मी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: "ओळखा पाहू, काय कमी होतं?"

एकाने लिहिलं, "लाज."

पुढे कळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी फोटो मोठा करून बोटं मोजली. सात, कडा करवती. "हा गांजा आहे. गच्ची सोसायटीची आहे." मागोमाग एनडीपीएस, अमली पदार्थांचा १९८५ चा अख्खा कायदा. मी समजवायला गेलो. अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, पान तसं दिसतं म्हणूनच, असं लिहिलं. म्हणजे कबुलीच दिली. मग लिहिलं की गांज्याची पानं देठापासून सुटी असतात, अंबाडीचं एकच पान खोल कातरलेलं. चावून बघा, आंबट लागेल. "चावून बघा" कसं वाचलं गेलं असेल विचार कर. मधे गडद किरमिजी ठिपका असलेलं फिकट पिवळं फूल आलं असतं तर भेंडीची बहीण कुणीही ओळखली असती. पण दिवस मोठे असेपर्यंत ही बया फुलत नाही.

"रविवारी मीटिंगमध्ये बघू," असा सेक्रेटरीचा मेसेज आला. आणि शनिवारी रात्री अकराला मी वर जाऊन सहाही डबे उपटले. मीच. पांढरीशुभ्र नवी मुळं होती रे. जिन्यावरनं उतरताना चप्पल हातात होती, आणि तेव्हा एकदम होस्टेलच्या रेक्टरच्या खोलीबाहेरचा पॅसेज आठवला. तेव्हाही चप्पल हातातच होती. तेव्हा तरी ते खरं होतं. ही तर भाजी होती!

आज मीटिंगला सात जण आले. टँकरच्या दरावर दीड तास. अंबाडीचं नावही कुणी काढलं नाही. आई सकाळी एवढंच म्हणाली, "उपटलीस? कोण म्हणालं उपट म्हणून?" तेव्हापासून अबोला आहे.

तुमच्या कॅनडात, ओंटारिओत, २०१८ पासून घरात गांज्याची चार झाडं कायद्याने लावता येतात म्हणे. शेजाऱ्याची पिवळी पडली तर नत्र सांगू नकोस, आधी मजला विचार. आणि पाणी.

वहिनींच्या नोकरीचं जमलं का? चिरंजीव मराठी बोलतो की नुसतं समजतं? अप्पा गेले तेव्हा मी चार ओळींचा मेसेज केला. फोन उचलला होता, ठेवून दिला. त्याबद्दल समोर बसून बोलू.

एक मात्र आत्ताच विचारतो. त्या रात्री तू आत वीस मिनिटं होतास आणि बाहेर आलास तेव्हा सगळं तुझ्या एकट्याच्या नावावर होतं. सहा महिने खोली भाड्याने घेऊन राहिलास. आत माझं नाव निघालं होतं का? तू कधी सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही.

तुझा,
सुध्या

ता. क. थोडं बी बाटलीत शिल्लक आहे. पाऊस पडला की पिंपात धरणार आणि फक्त तेच पाणी घालणार. त्या लाल दाण्यांचं बादलीमागे किती ग्रॅम ते कळव, मी अंदाजानेच घालत होतो.