‘आधी उघडं काम सेव्ह करा’ असं सांगणाऱ्या अनोळखी मित्रास

सप्रेम नमस्कार,

लिनक्स डेस्कटॉपवर पॉवर बटण दाबलं की मशीन बंद न होता सस्पेंड व्हावं, म्हणजे काम तसंच ठेवून झोपी जावं, एवढाच माझा प्रश्न होता. तुम्ही दिलेल्या उत्तराबद्दल आभार मानायचे आहेत, आणि तेही सगळ्यांसमोर. उत्तर अचूक होतंच. पण मनात राहिली ती त्याची पहिली ओळ. एकही कमांड देण्याआधी तुम्ही सांगितलंत: उघडं काम सेव्ह करून घ्या, आणि लॉगइनडी ही पार्श्वभूमीत चालणारी सेवा रीस्टार्ट करू नका.

ही ओळ याआधी कोणीही लिहिली नव्हती. बाकीची उत्तरं एकाच साच्यातली होती. सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारी यंत्रणा) हिची लॉगइनडी डॉट कॉन्फ ही फाईल उघडा, ‘हँडलपॉवरकी’समोर ‘सस्पेंड’ लिहा, सेवा रीस्टार्ट करा, झालं. पण लॉगइनडी म्हणजे कोणाचं सेशन (लॉग इन करून चाललेलं काम) चालू आहे याची नोंद ठेवणारी आणि त्या सेशनला ग्राफिक्स कार्ड, कीबोर्ड, माऊस यांचा ताबा देणारी सेवा. ती चालू डेस्कटॉपखालून काढून परत सुरू केली, की अख्खं सेशन कोसळू शकतं आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं. पॉवर बटणाची सेटिंग बदलायला येणाऱ्याला बहुतेक वेळा नेमकं तेच टाळायचं असतं: चुकून बटण दाबलं जाऊन काम जाणं. त्याच्याच हातात काम घालवणारी कमांड द्यायची, आणि ती चालली नाही तर ‘डिस्ट्रो बदला’, म्हणजे लिनक्सचा प्रकारच बदला, म्हणून मोकळं व्हायचं, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही ‘सिस्टमसीटीएल किल’ ही कमांड वापरून लॉगइनडीला ‘एचयूपी’ सिग्नल द्यायला सांगितलंत. त्यामुळे सेवा थांबत नाही, फक्त आपलं कॉन्फिगरेशन पुन्हा वाचते. ज्याला तेही नको, त्याने सवडीने रीबूट करावं, हा पर्यायही तुम्ही मोकळा ठेवलात.

दुसरी गोष्ट म्हणजे, तुम्ही थेट उत्तर न देता आधी विचारलंत: डेस्कटॉप कोणता? सगळं घोडं तिथेच अडलेलं असतं. ग्नोम आणि केडीई प्लाझ्मा हे डेस्कटॉप सुरू होताना लॉगइनडीकडे एक इनहिबिटर लॉक घेतात. पॉवर बटण आम्ही हाताळू, तू मध्ये येऊ नकोस, असा त्याचा अर्थ. एकदा तो लॉक घेतला गेला, की फाईलमध्ये काहीही लिहा, बटणावर परिणाम शून्य. ‘सिस्टमडी-इनहिबिट’ला ‘लिस्ट’ हा पर्याय देऊन चालवलं की कोणत्या प्रोग्रामने ‘हँडल-पॉवर-की’ धरून ठेवली आहे ते समोर येतं. ती एक कमांड आधी कोणी सांगितली असती तर सगळा गोंधळ तिथेच मिटला असता.

मग बदल योग्य जागी होतो. ग्नोममध्ये सेटिंग्जच्या पॉवर विभागात. किंवा जीसेटिंग्ज या कमांडने, जिथे ‘पॉवर-बटन-ॲक्शन’ला चार किमती चालतात: नथिंग (काहीच करू नको), सस्पेंड, हायबरनेट (काम डिस्कवर ठेवून बंद हो), इंटरॅक्टिव्ह (आधी विचार). ‘इंटरॅक्टिव्ह’ निवडणाऱ्यांसाठी तुमची सूचना फार मोलाची होती: समोर येणारी खिडकी उत्तराची कायम वाट बघत नाही, 60 सेकंदांनी मशीन आपोआप बंद होतं. केडीईमध्ये हेच काम पॉवर मॅनेजमेंटमधून होतं, एक्सएफसीई या डेस्कटॉपमध्ये पॉवर मॅनेजरमधून. लॉगइनडीची फाईल खरी उपयोगी पडते ती आयथ्री किंवा स्वेसारखा नुसता विंडो मॅनेजर (फक्त खिडक्या मांडणारा प्रोग्राम) असेल तेव्हा, किंवा डेस्कटॉपच नसेल तेव्हा, कारण तिथे सहसा कोणी लॉक घेत नाही.

त्या फाईलबद्दलही तुम्ही नीट सांगितलंत. मूळ फाईलला हात लावायचा नाही. लॉगइनडी डॉट कॉन्फ डॉट डी या फोल्डरात वेगळी छोटी फाईल करायची, नावाचा शेवट डॉट कॉन्फनेच व्हायला हवा. पहिल्या ओळीत चौकटी कंसात ‘लॉगिन’, खाली हवी ती ओळ. कंसातलं शीर्षक विसरलं तर खालची ओळ धरलीच जात नाही. मूळ फाईल बदलणाऱ्यांचं हमखास चुकतं ते वेगळंच: तिथल्या ओळी हॅश चिन्हाने बंद केलेल्या असतात, माणूस किंमत बदलतो आणि हॅश तसाच ठेवतो. वेगळ्या फाईलचा मोठा फायदा तुम्ही शेवटी एका वाक्यात लिहिलात: पस्तावलात तर ही फाईल पुसा आणि पुन्हा तोच सिग्नल द्या, सगळं पूर्ववत होईल. मदत करताना परतीची वाटही दाखवून ठेवणारी माणसं थोडी. समोरच्याच्या मनातली भीती ज्याला कळते तोच असं लिहितो.

बटण दाबून धरण्याबद्दलची तुमची टीपही इतरत्र सापडत नाही. लॉगइनडीमध्ये ‘हँडलपॉवरकीलाँगप्रेस’ आहे, पण ते 5 सेकंदांपुढच्या दाबाला लागू होतं. एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकातल्या नियमाप्रमाणे 4 सेकंद बटण धरलं की हार्डवेअरच वीज तोडतं. म्हणजे अशा मशीनवर ती सेटिंग चालायची वेळच येत नाही, आणि तो चार सेकंदांचा दाब कोणत्याही सॉफ्टवेअरला अडवता येत नाही. लहान मूल किंवा मांजर बटणाशी खेळत असेल तर झाकणच लावायला हवं, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. जे होणार नाही ते होणार नाही म्हणून सांगणं हीसुद्धा मदतच.

तुमच्या उत्तरात माझ्याकडून एवढीच भर. सगळं नीट करूनही बटण दाबल्यावर मशीन सस्पेंड व्हायच्या जागी बंद होत असेल, तर एसीपीआयडी ही जुनी सेवा चालू आहे का ते पाहावं. कोणत्या घटनेवर काय करायचं ते सांगणारी तिची स्वतःची इव्हेंट फाईल असते आणि त्यातली स्क्रिप्ट लॉगइनडीला न विचारता शटडाऊन करू शकते. एकाच दाबावर दोघं धावतात आणि शटडाऊन जिंकतं. बटणाचं काम डेस्कटॉपकडे किंवा लॉगइनडीकडे असेल, तर एसीपीआयडीमधला पॉवर बटणाचा नियम काढून टाकावा.

मनापासून आभार.

तुमचा,
एक लिनक्स वापरकर्ता