एकोणपन्नासनंतर नाव वजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत रजोनिवृत्तीवर पानभर मजकूर आला होता. चुकीचं त्यात काही नव्हतं. भिजवलेले बदाम खा, योगासनं करा, स्वतःसाठी वेळ काढा, हे सगळं ठीकच. पण 'आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोला' हा सल्ला वाचून हसू आलं. मी धाराशिव जिल्ह्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. माझ्या हद्दीतल्या वस्त्यांवरून स्त्रीरोगतज्ज्ञापर्यंत पोचायला आधी वडाप, मग एस.टी., आणि परतीची गाडी चुकली तर मुक्काम. मोकळेपणाने बोलायचं ते त्यानंतर.

उपकेंद्राचं निम्मं काम पात्र जोडप्यांच्या नोंदवहीवर चालतं. पात्र म्हणजे बायकोचं वय १५ ते ४९. किती मुलं, धाकट्याचं वय काय, साधन कोणतं, ऑपरेशन झालं का, हे सगळं तिच्या नावापुढे असतं. दर वर्षी पाहणी करायची, नव्या सुनांची नावं चढवायची आणि वयात न बसणाऱ्यांची वजा करायची. मी स्वतः पन्नाशीला पोचले तेव्हा माझ्याच अक्षरातल्या त्या वहीत मी बसत नव्हते. वरच्या पातळीवरही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीने सांगितलं की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. मग पंचावन्न वर्षांच्या बाईचं काय? तिच्या अंगात रक्त किती आहे हे त्या पाहणीने तपासलेलंच नाही.

अलीकडे थोडा फरक पडलाय, तोही सांगायला हवा. उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली, आशाताई तीस वर्षांपुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरतात, रक्तदाब आणि साखर बघतात. स्तनात गाठ आहे का, पाळी गेल्यावर अंगावरून रक्त जातं का, हेही त्या फॉर्मात विचारलेलं असतं. पण ज्या दोन तक्रारी घेऊन पन्नाशीपुढच्या बायका माझ्याकडे सगळ्यात जास्त आल्या, म्हणजे आल्या दुसऱ्याच कामाला आणि निघता निघता दाराशी घुटमळून बोलल्या, त्या दोन तिथे मला दिसल्या नाहीत. एक, अंग बाहेर येणं, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकणं. दुसरी, खोकलं की लघवी सुटणं.

पाळी जाण्याचं दुःख आमच्याकडे फारसं कोणी करत नाही. पुरवणी वाचून वाटावं की बाईच्या आयुष्यात आता अंधार झाला. आमच्या गावात बायका 'सुटले बाई एकदाची' म्हणतात. देवघरात जायला, पंगतीत वाढायला, तुळजापूरला जायला तारखा बघाव्या लागत नाहीत. अंगातून वाफा येतात, रात्री घामाने लुगडं भिजतं, झोप उडते, सुनेवर विनाकारण डाफरलं जातं, हे सगळं होतं. मलाही झालं. लसीकरणाचं सत्र आटोपलं की डब्यातला आइसपॅक काढून मी मानेवर धरायची आणि अंगणवाडीच्या ताई तोंडाला पदर लावून हसायच्या. सगळ्यांना नसली तरी काहींना यासाठी औषधाची खरोखर गरज पडते, आणि ते डॉक्टरांना दाखवूनच घ्यावं.

पण या 'सुटले'पणातच एक धोका आहे. वर्षभर पाळी आली नाही म्हणजे ती गेली. आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. त्यानंतर कधीही, अगदी डागापुरतं जरी रक्त दिसलं, तरी ती पाळी नव्हे. बायका मात्र म्हणतात, 'परत आली वाटतं', आणि चार दिवस वाट बघून गप्प बसतात. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण गर्भाशयाचा कॅन्सर याच खुणेने स्वतःची ओळख देतो, आणि लवकर कळला तर बरा होतो. म्हणून अशी बाई भेटली की मी त्याच आठवड्यात तिला तालुक्याला धाडायची, घरच्यांनी तोंड वाकडं केलं तरी.

आता अंग बाहेर येण्याबद्दल. वर्तमानपत्रात हे शब्द चालतात का मला माहीत नाही, पण दुसरे शब्द बायकांना कळत नाहीत. बाळंतपणं जास्त, तीही घरी, दहाव्या-बाराव्या दिवशी डोक्यावर हंडा, चुलीच्या धुराने जुना खोकला, त्यात बद्धकोष्ठ. तरुणपणी शरीर हे सगळं धरून ठेवतं. पाळी गेल्यावर आतला आधार ढिला पडतो आणि पिशवी खाली सरकते. एक मावशी नातीला डोस द्यायला आल्या होत्या. बसायला खुर्ची दिली तर 'नको, उभीच बरी' म्हणाल्या. मला शंका आली. आत नेऊन पाहिलं तर त्यांनी लुगड्याची चिंधी घडी करून आत ठेवलेली, वरून लंगोटासारखं फडकं बांधलेलं. त्या तशाच खुरपायला जात होत्या. किती वर्षं, असं विचारलं तर म्हणाल्या, 'धाकटीच्या लग्नाआधीपासून.' त्या धाकटीचा मुलगा तेव्हा शाळेत होता. चिंधीने जखम झाली होती. नवऱ्याला माहीत होतं, सुनेला नव्हतं.

त्यांना आधी एका सरकारी रुग्णालयात पाठवलं. तिथे टेबल इतकं उंच की गुडघे धरलेल्या बाईला चढताच येईना. पायरी नव्हती, पडद्याला कड्या नव्हत्या, डॉक्टर पुरुष आणि मावशी तोंड फिरवून बसलेल्या. तारीख मिळाली, ती टळली, पुढची मिळाली. शेवटी दुसरीकडे एका बाई डॉक्टरांनी आधी जखम भरून येऊ दिली आणि मग रिंग बसवली. सिलिकॉनची गोल रिंग, आत ठेवली की पिशवीला टेकण मिळतं. ठरावीक महिन्यांनी काढून, धुऊन, तपासून पुन्हा बसवायची. ज्यांना ऑपरेशन झेपत नाही किंवा नको असतं त्यांना त्यावर वर्षानुवर्षं निभावता येतं. मावशी पुढच्या वेळी आल्या त्या मांडी घालून बसल्या. इतक्या साध्या वस्तूबद्दल त्यांना एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्याच गावातल्या नोंदवहीत त्यांचं नाव वजा झालेलं होतं.

लघवी सुटण्याची तर बाई तक्रारही करत नाही, ती फक्त एकेक गोष्ट सोडत जाते. आमच्या भजनी मंडळातल्या एकीचा आवाज फार चांगला. ती एकाएकी यायची बंद झाली. घरी गेले तर म्हणाली, 'वरच्या पट्टीत गेलं की थेंब सुटतोय सिस्टर, देवापुढं कसं चालंल?' मग बायका पाणी पिणं कमी करतात, त्याने जळजळ वाढते, जंतू होतात, दुखणं दुप्पट. यावर व्यायाम आहे आणि त्याला चटई लागत नाही. लघवी अडवताना आतला जो भाग आवळला जातो, तोच आवळून पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा आणि सोडायचा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे लघवी करताना करायचं नाही, एरवी करायचं: भाकऱ्या थापताना, गाडीची वाट बघताना. तीन महिने चिकाटी हवी. बचत गटाच्या बैठकीत मी हे शिकवलं तेव्हा आधी सगळ्या लाजल्या, मग कोण किती आकडे धरते याची पैज लागली. ती भजनवाली पुढच्या एकादशीला नाही, पण वर्षाच्या आत परत आली.

हे आजच कळलंय असंही नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, ते १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग, आणि आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. त्याला पस्तीस वर्षं उलटून गेली.

बाईकडे कोणी बघत नाही तेव्हा ती उपाय म्हणून पिशवीच काढून टाकते. आमच्या जिल्ह्यातून आणि शेजारच्या बीडमधून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापले जातात. पाळीचे दिवस, पांढरं जाणं, कंबरदुखी यांना त्या हिशेबात जागा नाही. 'कॅन्सर होईल' अशी भीती घातली की बत्तीस-पस्तिशीतली बाई कर्ज काढून ऑपरेशन करून येते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीडची आकडेवारी आली, तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना विनाकारण पिशवी काढणं रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. नवी ऑपरेशनं थांबवायला याचा उपयोग होईल. माझा प्रश्न, झालेल्यांचं काय? ज्यांची अंडाशयंही काढली, त्यांची हाडं पस्तिशीपासूनच ठिसूळ व्हायला लागली. ज्यांची राखली, त्यांना पाळीच नसल्याने आपलं शरीर कधी बदललं हे कळायला खूण उरली नाही. त्या आज पंचेचाळीस-पन्नाशीच्या आहेत, अजून मोळ्या उचलतात आणि मनगट मोडलं की हाडवैद्याकडे जातात. त्यांची यादी सरकारकडे असणारच, कारण ती मोजणी घरोघर जाऊनच झाली. त्याच यादीवरून त्यांना तपासणीला बोलवायला काय हरकत आहे?

आमच्या जिल्ह्याचा आणखी एक राग मनात आहे. १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलची माणसं आमच्या जिल्ह्यात गावोगाव फिरून ३० ते ५९ वयाच्या बायकांना तपासणीला आणत होती. 'आता माझं काय तपासता, माझं झालं की समदं,' असं म्हणणाऱ्या बायकांची समजूत काढणं मोठं जिकिरीचं होतं. एक लाख ३१ हजारांवर बायका त्या अभ्यासात होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष आला: एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची, तपासणी आयुष्यात एकदा जरी केली, तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. जगभर हा दाखला देतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, बाईची ही तपासणी पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत पुन्हा व्हावी. आणि २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत दोघींचीसुद्धा गर्भाशयमुखाची तपासणी झालेली नव्हती. ज्या जिल्ह्यातल्या बायकांनी लाज बाजूला ठेवून जगाला हे शिकवलं, तिथल्या माझ्या आरोग्य केंद्रात मी निवृत्त होईपर्यंत ती तपासणी आली नाही.

यंत्रं नाहीत, हे कारण दर वेळी पटत नाही. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला, २०२१ मध्ये तो छापून आला. दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने स्तन तपासले, तर पन्नाशीपुढच्या बायकांचे स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, नव्हती, शिकवलेले हात होते.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची डॉक्टरकडून तपासणी होते. २०१६ पासून हे चालू आहे आणि त्याचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिलाय. तशीच एक तारीख पंचेचाळीस वर्षांपुढच्या बायकांसाठी ठेवा, एवढी माझी जिल्हा परिषदेकडे आणि आरोग्य विभागाकडे मागणी आहे. त्या दिवशी ग्रामीण रुग्णालयातल्या बाई डॉक्टरांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात यावं. टेबलाला पायरी आणि खिडकीला पडदा असावा. गरोदर बाईला केंद्रापर्यंत आणलं की आशाताईला मोबदला मिळतो, तसा साठीच्या बाईला आणलं तरी मिळावा. नाहीतर दिवसभर वणवण करून तिने हेही काम पदरमोड करून का करायचं? आणि औषधांच्या मागणीत दोन-तीन मापांच्या रिंगा धरा. मावशींना बसवलेली रिंग त्यांच्या जावयाने सोलापूरला जाऊन आणली होती.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. धाराशिव
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळा दिला आहे, तो छापू नये.)