टोकनचे पैसे

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. त्या जुन्या गाड्यांच्या डीलरशी आता फोनवर आणखी काही बोलू नकोस, गाडीच्या बुकिंगला दिलेले टोकनचे पैसे तो सहज सोडणार नाही, आणि ‘मला गाडी नको, टोकन परत करा’ हे वाक्य तर चुकूनही लिहू नकोस. त्याला नेमकं तेच हवंय. तुझं मन बदललं असं तुझ्याच शब्दांत एकदा त्याच्या हाती लागलं, की पावतीवरच्या ‘बुकिंग रद्द केल्यास टोकन परत मिळणार नाही’ या ओळीत जीव येतो. घेणारा विनाकारण मागे फिरला तर बयाणा बुडतो, हे कायदाही बऱ्याच अंशी मानतो. पण तू कुठे मागे फिरलीस? जाहिरातीतली गाडी घ्यायला तू तयार होतीस. तशी गाडी त्याच्याकडे नव्हतीच. तुझं सगळं म्हणणं यावरच उभं राहू दे.

आता तुझ्या तीन तक्रारी. ‘फर्स्ट ओनर’ म्हणून दाखवलेली गाडी आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, दुसऱ्या मालकाची निघाली, मीटर मागे फिरवलाय, आणि बॉनेट पुन्हा रंगवलंय. बाबांचं म्हणणं, मीटरचा मुद्दा सगळ्यात मोठा, तोच पुढे कर. मला पटत नाही. सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत आजच्यापेक्षा जास्त किलोमीटर दिसतात हे खरंच आहे, पण डीलर म्हणणार, ‘गाडी आली तेव्हा मीटर एवढाच होता, मला काय माहीत?’ रंगाचं तर आत्ता नुसतं तुझ्या मेकॅनिकचं मत आहे. गाडी कितव्या मालकाची आहे हे मात्र सरकारी नोंदीत असतं, आणि आरसी डीलरच्याच ड्रॉवरमध्ये पडून होती. तरी त्याने जाहिरातीत ‘फर्स्ट ओनर’ लिहिलं, तू व्हॉट्सअॅपवर पुन्हा विचारलंस तेव्हा ‘हो मॅडम, सिंगल ओनर’ असं उत्तर दिलं. म्हणून हा मुद्दा पहिला. बाकीचे दोन त्याच्या मागे, थोडक्यात.

तो तुला ऐकवतोय ना, की ‘तुम्ही कागद बघूनच टोकन द्यायला हवं होतं’? त्या बोलण्यात अगदीच दम नाही असं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १९ प्रमाणे खोट्या माहितीवर मिळवलेली संमती असेल, तर फसलेल्या माणसाला करार रद्द करता येतो. पण त्याच कलमात एक अपवाद आहे. समोरच्याने अजाणता चुकीचं सांगितलं असेल किंवा लबाडीने गप्प राहिला असेल, आणि साध्या चौकशीत तुला खरं कळलं असतं, तर रद्द करता येत नाही. माहीत असूनही तोंडावर खोटं बोलणाऱ्याला मात्र या अपवादाचा आडोसा मिळत नाही. आरसी त्याच्या हातात होती ही गोष्ट मी इतकी धरून बसलेय ती म्हणूनच. शिवाय वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणेच असली पाहिजे, असं मालविक्री कायदा, १९३० याचं कलम १५ सांगतं. गाडी जुनी असली म्हणून ते कलम बाजूला पडत नाही.

जाहिरात अजून दिसतेय तोवर तिचे स्क्रीनशॉट घे, वर तारीख आणि गाडीचा नंबर दिसायला हवा. उद्या ती नाहीशी होईल. व्हॉट्सअॅपवरची सगळी चॅट एक्सपोर्ट करून मला ईमेल कर. परिवहन या सरकारी साइटवरची गाडीची माहिती, टोकनची पावती आणि बँक स्टेटमेंट एका जागी ठेव. फोनवर जे बोलणं झालं, ते आजच एका साध्या मेसेजमध्ये त्यालाच लिहून पाठव: ‘आज दुपारी आपण म्हणालात की...’ त्याने उत्तर दिलं नाही तरी मेसेज राहतो.

मग नोटीस. वकिलाची लागत नाही, तुझ्या सहीची चालते. स्पीड पोस्टने पाठव, शिवाय ईमेलने. मजकूर साधारण असा:

‘आपण जाहिरातीत व व्हॉट्सअॅप संदेशात सदर वाहन प्रथम मालकाचे असल्याचे सांगितलेत. त्यावर विसंबून मी टोकन रक्कम दिली. नोंदणी प्रमाणपत्रानुसार वाहन दुसऱ्या मालकाचे आहे. सबब मी हा करार रद्द करत आहे. टोकनची संपूर्ण रक्कम ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या खात्यात जमा करावी, अन्यथा मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.’

यात ‘चोर’, ‘लुटारू’ काही नको. पोलिसांची धमकीही नको. पैशांचा व्यवहार म्हटला की पोलीस बहुतेक वेळा दिवाणी कोर्टाकडे बोट दाखवतात, आणि पोकळ धमकी त्याच्या लगेच लक्षात येईल.

नोटीस पोचली की तो गोड बोलायला लागेल. ‘दुसरी गाडी घ्या, टोकन तिकडे वळवतो.’ नाही म्हण. ‘पॉलिशिंगचा खर्च कापून बाकीचे देतो’ म्हणाला, तर घ्यायचे की नाही हे तू ठरव, पण ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर सही केलीस की उरलेले विसर. फॉर्म २९ आणि ३० वर कुठल्याही कारणाने सही नको. ते मालकी बदलायचे फॉर्म आहेत, ‘फाइलसाठी लागतात’ असं तो म्हणेल.

आणि हे नवीनच काढलंय त्याने, की गाडी पार्क अँड सेलची आहे, म्हणजे मालकाने त्याच्याकडे नुसती विकायला ठेवलेली, तेव्हा पैसे मालकाकडे मागा. जाहिरात कोणी केली? पावती कोणाच्या नावाची? पैसे कोणाच्या खात्यात गेले? तिन्हीचं उत्तर तोच असेल तर ‘मी नुसता मध्यस्थ’ म्हणून तो सहज सुटत नाही. मालकाचं नाव-पत्ता लेखी माग आणि नोटिशीची प्रत त्यालाही पाठव. व्यवहार थेट मालकाशी झाला असता तर खरी पंचाईत होती. आपली एक गाडी विकणारा माणूस व्यापारी नसतो, त्यामुळे ग्राहक आयोगाऐवजी दिवाणी कोर्टाचीच वाट उरली असती.

१५ दिवस गेले आणि काही हललं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. कधीकधी एवढ्यावरच काम होतं, पण हेल्पलाइन निकाल देत नाही. निकाल जिल्हा ग्राहक आयोग देतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तू राहतेस तिथल्याच आयोगात तक्रार करता येते, मग डीलर कुठलाही असो. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते. वकील हवाच वाटला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत मदत मिळते. तू नोकरी करतेस म्हणून संकोच करू नकोस. निकालाला वेळ लागतो, हेही आत्ताच धरून चाल.

‘एवढ्यासाठी कशाला डोक्याला ताप’ हे बाबांचं चालूच आहे. त्यांच्याशी मी बोलते. तू नोटिशीचा मसुदा रात्रीपर्यंत पाठव, तारखा आणि गाडीचा नंबर मी पुन्हा एकदा पडताळून देते.

तुझी,
आई