चि. मुक्तास, गिरणीच्या फोटोंविषयी

रामबाग, इंदूर

चि. मुक्ता हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

बडोद्याला सुखरूप पोहोचल्याचे तू आईला कळवलेस, ते समजले. निघायच्या आदल्या रात्री आपली बोलाचाली झाली आणि सकाळी तू माझ्याशी धड न बोलताच रिक्षात बसलीस, म्हणून हे पत्र. बंद गिरणीत तू एकटी शिरलीस, त्याविषयी आता काही लिहायचे नाही असे ठरवले आहे. लिहायचे आहे ते तुझ्या छायाचित्रांविषयी, कारण त्या रात्री नेमके तेच राहून गेले.

मात्र एक समजून घे. साचेखात्याचा, म्हणजे कापड विणायच्या विभागाचा, वरच्या मजल्यावरून घेतलेला फोटो तू माझ्यापुढे ठेवलास, तेव्हा माझी नजर आधी छताकडे गेली. उभा जन्म लोकनिर्माण विभागात इमारती तपासण्यात गेला. ती सवय आता सुटायची नाही. त्या छताला लोखंडी गर्डर आहेत आणि दोन गर्डरांमध्ये विटांची बसकी कमान आहे. असे छत गळू लागले की गर्डरची खालची बाजू गंजते, गंज फुगून विटांचे सांधे उकलतो, आणि मग कमान कधी बसेल याचा भरवसा राहत नाही. भिंतीवरून उतरलेल्या ज्या तांबूस ओघळांसाठी तू तासभर उन्हाची वाट पाहत थांबली होतीस, ते या गंजाचेच आहेत. शिवाय तू उभी होतीस ती जमीन लाकडी तुळयांवरची. भिंतीच्या कडेकडेने चालले की धोका नसतो, असे तू आईला सांगितलेस. तुळईची टोके भिंतीत गाडलेली असतात आणि ओल तिथेच मुरते. मधोमध ठणठणीत दिसणारी तुळई टोकाला भुगा झालेली मी अनेकदा पाहिली आहे. नंदूकाकाचे उदाहरण घरात असताना मी आणखी काय सांगावे?

पुन्हा व्याख्यान सुरू झाले. राग मानू नकोस. फोटोंकडे वळतो.

दोन वर्षांपूर्वीचे तुझे फोटो मी आईला न सांगता पुन्हा काढून पाहिले. त्यांत एकाच जागेचे कमी-अधिक उजेडाचे अनेक फोटो एकत्र करून तू खिडकीबाहेरचे आभाळही दाखवायचीस आणि खोलीतला शेवटचा कोपराही. रंग हिरवट-निळे, पुढ्यात एखादी मोडकी खुर्ची. ते सुबक होते, पण कोणाचेही असू शकले असते. ‘माझी अशी शैलीच नाही’ म्हणून तू तेव्हा रडली होतीस, ते मला आठवते. या वेळच्या फोटोंत तू अंधाराला अंधार राहू दिले आहेस. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीसमोर सरळ धरला आहेस आणि जिथे हात लागत असत त्याच जागा पुन्हा पुन्हा शोधल्या आहेस. जिन्याच्या वळणावर भिंतीला छातीच्या उंचीवर एक तेलकट काळा पट्टा आहे, आणि त्याच्यावर डब्यांच्या पिशव्या अडकवायच्या खुंट्यांची ओळ. तिसरी खुंटी नाही, तिथे खिळा ठोकलेला आहे. तो फोटो पाहून मी उठून आत गेलो, ते रागाने गेलो असे तुला वाटले. अण्णा त्याच जिन्याने चढत असणार. ते घरी यायचे तेव्हा भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असत, आणि साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे घरातही इतक्या मोठ्याने बोलत की माई दार लावून घेई. भोंगा झाला की गल्लीतली घड्याळे जुळवली जात. गिरणी बंद झाल्यावरही ते वेळेवर अंघोळ करून, कपडे करून ओट्यावर बसत. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, आजही निघतात. त्या पाहायला मात्र ते पुढे कधी गेले नाहीत.

हे सगळे लवकरच पाडले जाईल, म्हणून घाई करावी लागते, हे तुझे म्हणणे खरे आहे. इथली हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न डिसेंबर २०२३मध्ये मार्गी लागला. मधल्या काळात आवारात रान माजले. घाईचे कारण मला पटते. ‘बरोबर कोणी असले की मला दिसत नाही’ हे जे तू म्हणालीस, ते मात्र अजून पटलेले नाही.

तू ठेवून गेलेले पुस्तक मी वाचले. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन पती-पत्नींनी १९५९पासून पुढची कित्येक दशके पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांचेच फोटो काढले. आभाळ ढगाळ, कॅमेरा समोर, आणि माणूस कुठेही नाही. १९९०मध्ये व्हेनिसला त्यांना पारितोषिक मिळाले, तेही शिल्पकलेचे. इतकी स्वतःची म्हणावी अशी शैली, आणि ती दोघांची मिळून. आपले लाला दीनदयाळ तर आमच्याच खात्यातले. रुरकीला शिकून १८६६मध्ये ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके करायला लागले, तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिले, आणि १८८२मध्ये लेपेल ग्रिफिन या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर फिरून त्यांनी मध्य भारतातल्या जुन्या वास्तूंचे फोटो घेतले. लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन एकट्याने ते जमणारेच नव्हते. त्यांची नजर त्यामुळे काही कमी झाली नाही. त्यांच्या फोटोंत खांबाचा ओळंबा असा सरळ असतो की नकाशे काढलेला हात लगेच ओळखू येतो, आणि तुझ्या भिंतींत मला तेच दिसले. हे मी त्या रात्री म्हणायला हवे होते.

तर पुढच्या खेपेला मालकाची किंवा चौकीदाराची परवानगी घे, पायात जाड तळाचे बूट घाल, पारव्यांची विष्ठा साचली असेल तिथे साधा रुमाल पुरत नाही म्हणून एन-९५ मास्क लाव, आणि फुटक्या सिमेंटच्या पत्र्यांना हात लावू नकोस, त्यांत ॲस्बेस्टॉस असते. बरोबर कोणीतरी असू दे. वर्गातले कोणी नसेल तर मला बोलाव; मी खाली दाराशी उभा राहीन, एक शब्द बोलणार नाही, आणि चढण्यापूर्वी तेवढी जमीन तपासून देईन.

खुंट्यांच्या फोटोची मोठी प्रत काढून पाठव. माईच्या खोलीत लावायची आहे. छपाईचे पैसे मी देईन. तू नाही म्हणू नकोस. आणि होळीला येणार की नाही, ते आईला निश्चित कळव.

तुझा,
बाबा