क्रूझवर उकळलेला चहा मिळायला हवा

महोदय,

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की नागपुरातील सहल कंपन्यांच्या जाहिरातींत आता काश्मीर आणि केरळच्या जोडीला समुद्रपर्यटनही दिसू लागले आहे. मुंबईहून गोवा, कोची किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझवर आपल्या भागातील अनेक कुटुंबे, विशेषतः निवृत्त मंडळी, हौसेने जाऊन येतात. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले असून २०२९ पर्यंत अशा प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यामुळे विदर्भातून जाणाऱ्यांची संख्याही वाढेल, असे मानायला हरकत नाही. या प्रवासात चहाची जी आबाळ होते, तिच्याकडे जहाज कंपन्यांचे, सहल आयोजकांचे आणि प्रवाशांचेही लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जहाजावरील निवास, जेवण आणि करमणूक यांबाबत मला काहीही वावगे म्हणायचे नाही. चहाची व्यवस्था मात्र मी पाहिलेल्या जहाजांवर जवळपास सारखीच होती. बफेच्या एका कोपऱ्यात गरम पाण्याचे यंत्र, शेजारी टी-बॅगांची पेटी, जाड आणि थंडगार कप, आणि दुधाच्या जागी पावडर किंवा इवल्याशा डब्यांतील क्रीमर. यंत्रातले पाणी कपात पडेपर्यंत उकळीच्या बरेच खाली उतरलेले असते. त्यात टी-बॅग कितीही वेळ बुडवून ठेवली तरी रंग येतो, पण कस उतरत नाही, आणि वरून थंड दूध घातले की चहा कोमट होऊन जातो. टेबलावर मागवला तरी वाढपी गरम पाण्याचे भांडे आणि बशीत कोरडी टी-बॅग असे वेगवेगळे आणून ठेवतो. म्हणजे पाणी सर्वांत गरम असण्याचा जो मोलाचा क्षण, तो वाटेतच वाया जातो. त्यातच हे यंत्र अनेकदा कॉफीसाठीही वापरले जाते. कॉफीला पाणी उकळीच्या थोडे खालीच लागत असल्याने यंत्राचे तापमान तिच्या सोयीने ठरते, आणि कॉफीचा वास चहात उतरतो तो वेगळाच.

मी अनेक वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले असल्याने यामागचे कारण थोडे विस्ताराने सांगते. काळ्या चहाची पाने चुरडून हवेत ठेवली जातात, तेव्हा पानांतील कॅटेचिन द्रव्यांपासून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन ही द्रव्ये तयार होतात. चहाचा लालसर रंग, तजेला आणि तुरटपणा बव्हंशी त्यांच्यामुळे येतो, आणि ती पाण्यात नीट उतरायला उकळीच्या जवळचे तापमान व काही मिनिटांचा अवधी लागतो. चहाची चव तपासण्यासाठी ‘आयएसओ ३१०३’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातही १०० मिलिलिटरला २ ग्रॅम चहापत्ती, ताजे उकळते पाणी आणि ६ मिनिटे मुरवण्याचा काळ असेच प्रमाण दिले आहे. आपण घरी जी दाणेदार सीटीसी पत्ती वापरतो, तिची यंत्रपद्धती १९३०च्या दशकात आसामात विकसित झाली. ही पत्ती लवकर आणि गडद उतरते, आणि दुधातील केसीन हे प्रथिन तिच्या तुरट द्रव्यांना बांधून ठेवते. म्हणूनच पातेल्यात दुधासह खळखळून उकळलेला चहा कडक असूनही जिभेला बोचत नाही. हे काम कोमट पाणी आणि क्रीमरची डबी यांच्याकडून होणे शक्य नाही, कारण क्रीमरमध्ये बहुधा वनस्पतिजन्य मेद आणि साखरेचा पाकच प्रामुख्याने असतो.

जहाजावरचे पाणीच समुद्राचे असते, म्हणून चहा बिघडतो, असे अनेक प्रवासी सांगतात. हा समज दूर व्हावा असे मला मनापासून वाटते, कारण त्यामुळे खरा दोष झाकला जातो. जहाजावर समुद्राच्या पाण्यातील क्षार काढून गोडे पाणी तयार केले जाते. काही जहाजे इंजिनाच्या उष्णतेचा उपयोग करून कमी दाबाखाली पाण्याची वाफ करतात आणि ती पुन्हा थंड करतात, तर काही आरओ पद्धत वापरतात. बंदरात असताना किनाऱ्यावरूनही पाणी भरून घेतले जाते. तयार झालेल्या पाण्यात क्षार फारच कमी असल्याने त्यात थोडी खनिजे मिसळतात आणि निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन घालतात. असे मृदू पाणी चहाला उलट मानवते. आपल्याकडे बोअरच्या जड पाण्याचा चहा कसा काळपट होतो आणि त्यावर कशी साय धरते, हे बोअरचे पाणी पिणाऱ्यांना चांगले माहीत आहे. राहता राहिला क्लोरीनचा वास. उघड्या भांड्यात पाणी खळखळून उकळले की तोही मोठ्या प्रमाणात निघून जातो. शिवाय समुद्रसपाटीवर पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवरच्या आपल्या नागपुरात ते ९९ अंशांच्या आसपासच उकळू लागते. म्हणजे उकळीच्या बाबतीत जहाजाची बाजू आपल्यापेक्षा किंचित वरचढच आहे.

यावर उपाय म्हणून काही मंडळी बॅगेतून विजेची किटली किंवा पाणी तापवायचा रॉड नेण्याचा सल्ला एकमेकांना देतात. कृपया असे करू नये. समुद्रात जहाजाला आग लागणे ही सर्वांत भीषण आपत्तींपैकी एक मानली जाते. तेथे अग्निशमन दलाला बोलावता येत नाही आणि प्रवाशांना बाहेर पळायला जागा नसते. ‘टायटॅनिक’ दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये जो आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करार प्रथम झाला, त्याच्या आजच्या, म्हणजे १९७४च्या आवृत्तीत आगीपासून संरक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. किटली, इस्त्री, तापवायचा रॉड अशा वस्तू जहाजावर चढतानाच काढून घेतल्या जातात आणि ते योग्यच आहे. मात्र प्रवाशाला स्वतः चहा करू द्यायचा नसेल, तर तो नीट करून देण्याची जबाबदारी कंपनीवर अधिकच येते, हे माझे मुख्य म्हणणे आहे.

ही जबाबदारी पार पाडणे अवघड मुळीच नाही. पी अँड ओ आणि क्यूनार्ड या ब्रिटिश परंपरेच्या कंपन्या आपल्या केबिनमध्ये किटली आणि चहाचे साहित्य स्वतःच ठेवतात. प्रवाशाने आणलेले उपकरण आणि कंपनीने तपासून बसवलेले उपकरण यांतला फरक त्यांनी ओळखला आहे. तेवढेही करायचे नसेल, तर मोठ्या जहाजांच्या भटारखान्यात सूप आणि सांबारासाठी वाफेवर चालणारी मोठी भांडी असतात. आले ठेचून, विलायची घालून, दुधासह शेकडो कप चहा त्यांत एका वेळी सहज उकळता येईल. कौशल्याचाही प्रश्न नाही. जगभरच्या प्रवासी जहाजांवर भारतीय कर्मचारी मोठ्या संख्येने आहेत, आणि गोव्याच्या माणसांची तर जहाजावर आचारी आणि स्ट्यूअर्ड म्हणून काम करण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. अशाच एका गोवेकर कर्मचाऱ्याने मला सांगितले की, त्यांच्या स्वतःच्या भोजनगृहात रोज सकाळी आपल्यासारखाच चहा मांडला जातो. ज्या जहाजावर काम करणाऱ्यांना उकळलेला चहा मिळतो, त्याच जहाजावर पैसे मोजून आलेल्या प्रवाशाला तो का मिळू नये?

भारतीय बंदरांतून निघणाऱ्या जहाजांनी बफेमध्ये उकळलेल्या चहाचा एक कायमचा काउंटर ठेवावा आणि तो पहाटे पाचपासून सुरू असावा, अशी माझी विनंती आहे. वेळेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी उजाडण्यापूर्वी उठतात. नाश्त्याचे दालन उघडेपर्यंत त्यांना ताटकळावे लागते, आणि मधुमेहासाठी किंवा रक्तदाबासाठी औषधे घेणाऱ्यांचा दिवसाचा क्रम तर त्या पहिल्या कपावरच बेतलेला असतो. चहा बिनसाखरेचा करून साखर वेगळी द्यावी, म्हणजे सर्वांची सोय होईल. हा चहा तिकिटाच्या रकमेतच समाविष्ट असावा. जहाजावरील कॅफेमध्ये वेगळे पैसे घेऊन मिळणारा ‘मसाला चाय’ हा सरबती पाकात गरम पाणी मिसळून केलेला असेल, तर तो या मागणीची पूर्तता करीत नाही.

नागपुरातील सहल आयोजकांनाही माझे एक सांगणे आहे. जैन भोजन मिळेल का, केबिनला खिडकी असेल का, हे जसे आपण आरक्षणापूर्वी कंपनीकडून लेखी घेता, तसेच उकळलेला चहा मिळेल का आणि किती वाजल्यापासून, हेही विचारून घ्यावे. पन्नास-साठ प्रवाशांचा गट नेणाऱ्या आयोजकाच्या शब्दाला कंपनीकडे वजन असते, एकट्या प्रवाशाच्या तक्रारीला ते नसते.

तोपर्यंत जाणाऱ्यांनी आपल्या आवडीच्या सीटीसी पत्तीच्या टी-बॅगा सोबत न्याव्यात. त्यांना सहसा कोणी हरकत घेत नाही. कपात आधी गरम पाणी फिरवून तो तापवून घ्यावा, एका कपाला दोन टी-बॅगा वापराव्यात आणि बशी झाकून पाच मिनिटे थांबावे. भोजनगृहातील वाढप्याला टी-बॅगा भांड्यात टाकूनच वर उकळते पाणी ओतायला आणि दूध गरम करून आणायला नम्रपणे सांगावे. माझ्या अनुभवात ही विनंती कोणी नाकारली नाही, आणि दुसऱ्या दिवशी तर न सांगताही तसाच चहा आला.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
धरमपेठ, नागपूर