नागिणीला तीन दिवसांची मुदत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तीन महिन्यांपूर्वी माझ्या सासूबाईंच्या उजव्या कुशीत आग व्हायला लागली आणि दोन दिवसांनी तिथेच पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला. नागपूरच्या महाल भागात आमच्या आळीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. "नागीण आहे. सुई लावू नका, भडकते. आधी उतरवून घ्या," असं एकीनं नाही, चौघींनी सांगितलं. आम्ही उतरवून घेतली. गेरूचा लेप, मंत्र आणि पथ्य यांत सहा दिवस गेले. सातव्या दिवशी डॉक्टरांनी आधी विचारलं, "फोड कधी उठले?" उत्तर ऐकून म्हणाले, "पहिल्या तीन दिवसांत आणायला हवं होतं."

ते असं का म्हणाले, हे इतर घरांना वेळेत कळावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत तो पन्नास-साठ वर्षं निपचित पडून राहतो. वय झालं किंवा मोठ्या आजारपणानं प्रतिकारशक्ती खालावली, की तो उठतो आणि त्याच नसेच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. म्हणून फोडांचा पट्टा होतो. डाव्या-उजव्या अंगाच्या नसा वेगळ्या असल्यामुळे हा पट्टा सहसा एकाच बाजूला थांबतो. "तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो" या धास्तीनं सासूबाई रात्ररात्र पोटावरून हात फिरवून अंदाज घेत होत्या. ही साधी गोष्ट त्यांना कुणी सांगितली असती तर त्या निदान झोपल्या असत्या.

आता औषधाचं. विषाणूला स्वतःचं बिऱ्हाड नसतं. तो पेशीत शिरतो आणि तिच्याच सामग्रीवर आपल्या प्रती काढून घेतो. त्याला मारायला जावं तर पेशीलाच इजा होण्याची भीती. अँटिबायोटिक इथे कामाचंच नाही. नागिणीवरच्या असायक्लोव्हिर या औषधानं हा पेच फार सुंदर सोडवला आहे. निरोगी पेशीत ही गोळी जवळजवळ स्वस्थ बसते. विषाणू शिरलेल्या पेशीत मात्र विषाणूचंच एन्झाइम तिला कामाला लावतं. मग ती विषाणूच्या डीएनएच्या साखळीत खऱ्या कडीसारखी जाऊन बसते, पण पुढची कडी अडकवायला तिच्याकडे आकडाच नसतो. साखळी तिथेच थांबते. ज्यांच्या संशोधनातून हे औषध आलं, त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

पण हे औषध फक्त नव्या प्रती थांबवतं. आधीच निघालेल्या प्रती ते परत घेत नाही, दुखावलेली नस भरून आणत नाही. म्हणून फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू व्हावं लागतं. उशीर झाला तरी दवाखान्यात जावंच. कपाळावर किंवा डोळ्याजवळ फोड असतील तर एक दिवसही दवडू नये, नजर जाण्याचा धोका असतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या गावाचं नाव ज्याला मिळालं, तो लहान मुलांना मेंदूज्वर आणणारा चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये सापडला. त्यावर अजून नेमकं औषध नाही. नागिणीवर आहे, औषधाच्या दुकानात सहज मिळतं, तरी आपण ते सहा दिवस लांब ठेवतो याचं मला फार वाईट वाटतं. सासूबाईंचे फोड कधीच सुकले, पण आजही पातळाचा काठ घासला तरी त्या कळवळतात.

महापालिकेच्या प्रत्येक आरोग्य केंद्राबाहेर ठळक मराठीत एक पाटी लागावी: "नागीण हा विषाणूचा आजार आहे. फोड दिसताच तीन दिवसांच्या आत या." आशाताई घरोघरी जातात, त्यांनीही हे सांगावं. पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोसांची लस आता आपल्याकडे मिळते, पण ती महाग आहे. ज्येष्ठांना ती सरकारी दवाखान्यांत मिळावी, ही मागणी आपल्या दैनिकानं लावून धरावी, अशी विनंती.

एक वाचक,
महाल, नागपूर