बिलात दोन स्टिक, मशीनमध्ये एक

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : नवा पीसी अडखळत चालणे व बिलाप्रमाणे रॅम (मेमरीच्या स्टिक) न बसवणे

महोदय,

दहावीची परीक्षा आटोपल्यावर मुलासाठी तुमच्याकडून गेमिंग पीसी जोडून घेतला. सुट्टी संपत आली, तरी गेम अजून अडखळतोच आहे. कोपऱ्यात आकडा दिसतो सेकंदाला ७०-८० फ्रेमचा (म्हणजे चित्रांचा), पण दर काही सेकंदांनी चित्र थिजतं आणि मग एकदम उडी मारतं.

हेल्पलाइनला पाच फोन झाले. माणूस दर वेळी नवा, उत्तर तेच : ‘ग्राफिक्स कार्डाची सेटिंग बदला.’ एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर मॅनेजमेंट कमाल कामगिरीवर ठेवलं, व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या गतीशी जुळवणारी सेटिंग) चालू केलं, बंद केलं, फ्रेम ६० वर बांधल्या. तुमचा तंत्रज्ञ येऊन ड्रायव्हर नव्याने टाकून गेला आणि ५०० रुपये घेऊन गेला. फरक शून्य.

शेवटी मुलानेच डोकं चालवलं. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं. पिक्सेल निम्म्याहून कमी झाले, झटके तेवढेच. उलट झटका बसतो त्या क्षणी कार्डाचा वापर ५० टक्क्यांखाली येतो. म्हणजे कार्ड दमत नाही, रिकामं बसून राहतं. मग विंडोजचा टास्क मॅनेजर (मशीनमध्ये काय किती वापरात आहे ते दाखवणारा) पाहिला : मेमरीचे स्लॉट वापरात, २ पैकी १. बिलात मात्र ‘८ जीबी × २’. बॅटरी मारून बाजूच्या काचेतून बघितलं, तर दुसरा स्लॉट रिकामा. (काचेच्या कॅबिनेटचे जादा पैसे दिले होते, ते असे वसूल झाले.) एकाच स्टिकमध्ये १६ जीबी भरतात हे खरं, पण डीडीआर४ ३२०० (मेमरीचा प्रकार आणि वेग) ची एकच स्टिक सेकंदाला फार तर २५.६ गीगाबाइट वाहून नेते. दोन असल्या की दुप्पट.

सगळे झटके याच्यामुळेच, असा माझा दावा नाही. पण ज्याचे पैसे घेतलेत ते मशीनमध्ये नाही. सील तोडलं तर वॉरंटी जाते असं तुम्हीच बजावलंय, म्हणून झाकणाला हात लावलेला नाही.

तेव्हा ८ जीबीच्या दोन सारख्या स्टिक घेऊन तंत्रज्ञ घरी पाठवा, त्याने त्या बसवून आमच्यासमोर अर्धा तास गेम चालवून दाखवावा. तरीही अडखळला, तर पुढचा तपास तुमच्या खर्चाने. मागचे ५०० रुपयेही परत हवेत. सात दिवसांत हे झालं नाही, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन.

सोबत : बिलाची प्रत, टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट, झटक्यांचा व्हिडिओ.

कळावे,
(सही)